ऐकणारे बारा, बोलणारी एक

हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबच्या वार्षिक सभेत दातांच्या डॉक्टरांनी पडद्यावर सूर्याचा फोटो लावला आणि त्यावरचे काळे डाग पट्टीने दाखवायला सुरुवात केली, तेव्हाच तांबेवाल्या ताईंनी ओळखलं की आज सगळं खापर सूर्यावर फुटणार.

"हे डाग वाढले," डॉक्टर म्हणाले, "की आपल्या खालच्या बँडचं काही खरं नसतं. एकशेसाठ मीटरवर हल्ली दूरचं कोणी ऐकू येत नाही. जवळचंही कोणी फिरकत नाही. रविवारी पहाटे सगळ्यांनी त्या बँडवर जमायचं, त्या मेळ्याची वर्षभराची सरासरी हजेरी आहे एक पूर्णांक दोन दशांश. तेव्हा समितीचं म्हणणं असं की मेळा बंद करावा. बँड मेलेला आहे, आपण उगाच उशाशी बसलोय."

ताई उभ्या राहिल्या. "त्यातला एक पूर्णांक म्हणजे मी. ते दोन दशांश कोण, तेवढं तरी कळू दे."

लोक हसले. ताई हसल्या नाहीत.

"मेलेला म्हणता, पण नाडी कोणी बघितली? पंचवीस जण बसलायत इथे. गेल्या महिन्यात एकशेसाठवर एकदा तरी हाक मारलेली माणसं हात वर करा बघू."

एकही हात वर गेला नाही. कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी पडद्यावरच्या सूर्याकडे. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग सूर्याला कशाला बोल लावता? तो बिचारा तिथे नऊ कोटी मैलांवर. तुम्ही इथे नऊ फुटांवर बसून तोंड उघडत नाही!"

शेवटी समितीने तीन महिन्यांची मुदत दिली. ती ताईंच्या म्हणण्याला मान देऊन नव्हे, तर त्या खाली बसेनात म्हणून.

त्यांना तांबेवाल्या म्हणायचं कारण साधं होतं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान होतं. जळलेली मोटार आली की तिच्यातली काळी पडलेली तार उपसायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालायचे, वॉर्निश पाजून भट्टीत सुकवायचं. नव्या गिऱ्हाइकाला तांबेवाल्या हे आडनाव वाटायचं आणि ताई ते दुरुस्त करत नसत. काम सासऱ्यांनी शिकवलं. त्यांच्या मुलाला, म्हणजे ताईंच्या यजमानांना, त्यात रस नव्हता, ते शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. सुनेचे हात बघून सासरे म्हणाले होते, "हिच्या बोटांना मोजता येतं." आता एकसष्टाव्या वर्षीही ताई मोटार सुरू करून नुसत्या कानाने सांगायच्या की बेअरिंग गेलंय की वेढा.

रेडिओचं वेडही त्याच दुकानात लागलं. एका निवृत्त तारमास्तरांनी जळका ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला आणून दिला आणि चार महिने न्यायलाच आले नाहीत. आले तेव्हा ताईंनी फैलावर घेतलं, "हे कशाला लागतं तुम्हाला, एवढं तरी सांगा." मास्तरांनी सांगितलं, आणि सांगण्यात वर्ष गेलं. ताई मोर्स शिकल्या, परीक्षा देऊन परवाना काढला. मास्तरांचा लाडका बँड एकशेसाठ मीटरचा, तोच ताईंचाही झाला. हौशी लोकांना दिलेल्या बँडमध्ये हा जवळजवळ सगळ्यात खालचा. त्याच्या लाटा लांब, म्हणून तारही भलती लांब लागते. दिवसा त्याची मजल गावाबाहेर फारशी जात नाही. पण उजाडायच्या आणि मावळायच्या वेळी, उजेड-अंधाराची अदलाबदल होते त्या अर्ध्यापाऊण तासात, कधीकधी दोन समुद्रांपलीकडचा माणूस कानात येऊन बोलतो. येईलच असं नाही. सूर्याची लहर, हवेतली वीज, ऋतू, सगळं जुळून यावं लागतं. "वरच्या बँडवर कोणीही बोलेल," मास्तर म्हणायचे. "इथे बोलायला माणूस चिवट लागतो." मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली होती. ताईंचा चिवटपणा वाढतच होता.

त्यांची तार गच्चीवरून निघून मागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती आणि परसात मातीखाली चोवीस तारा पुरलेल्या होत्या. त्या ताईंनी स्वतः कुदळीने चर खणून पुरल्या होत्या, आणि तेव्हा यजमान खुर्चीत बसून, "अगं, कंबर सांभाळ," असं मोलाचं सहकार्य करत होते. दुकानाच्या वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर रेडिओ आणि मोर्सची किल्ली. पहाटे साडेपाचला ताई तिथे बसायच्या आणि सीक्यू द्यायच्या, म्हणजे 'कोणी आहे का, बोला'. दोन मिनिटं हाक, तीन मिनिटं कान. पुन्हा हाक. सूर्य चांगला हातभर वर येईपर्यंत. दोन वर्षं हेडफोनमध्ये फक्त खरखर होती. शेगडीवर काहीतरी सतत करपतंय तशी एकसुरी खरखर, आणि तिच्यामागे कोणी नाही.

सभेनंतर ताई रविवारची वाट न बघता रोज बसू लागल्या. दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, हाक मारून कान देताच शिटी ऐकू आली. ट्रान्समीटर तारेशी जुळवून घेताना निघते ती, लांब, सरळ शिटी. पाच सेकंद वाजली आणि थांबली. ताईंनी ताबडतोब विचारलं, कोण? उत्तर नाही.

पण ती शिटी शेवटाला किंचित खाली घसरली होती, पायरी चुकल्यासारखी. ही घसरण ताईंच्या ओळखीची होती. त्या ट्रान्समीटरचा ट्रान्सफॉर्मर त्यांनीच गुंडाळून दिला होता, आणि तेव्हाच बजावलं होतं, "डॉक्टर, याचा पुढचा भाग ढिला आहे, एकदा आणून दाखवा."

त्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ताई डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. पेशंटच्या खुर्चीवर चढून बसल्या.

"कुठला दात?" डॉक्टरांनी मास्क चढवत विचारलं.

"माझे सगळे धड आहेत. तुमच्या तोंडाला काय झालंय ते बघायला आलेय. आज सकाळी पावणेसहाला एकशेसाठवर शिटी मारून कोण पळालं?"

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. त्यांचा चेहरा गृहपाठ न आणलेल्या पोरासारखा झाला.

"म्हणजे तुम्ही ऐकत होता!"

"ऐकतो की. बरेचदा ऐकतो."

"मला?"

"तुम्हालाच. आणखी असतं कोण?"

ताई खुर्चीतच ताठ झाल्या. "मी तिथे रोज भिंतीशी बोलल्यासारखी बोलते. तुम्ही पांघरुणात बसून ऐकता आणि सभेत येऊन सांगता की बँड मेलाय? अहो, मी जिवंत असल्याचे साक्षीदार तुम्हीच! ऐकू येत होतं तर बोलला का नाहीत?"

"ताई, माझी तार केवढीशी. बाल्कनीतून बाल्कनीत. एकशेसाठवर तिच्यातून काय जाणार? म्हटलं, कोणाला ऐकू जाणार नाही, उगाच हसं होईल. शिटी मारली आणि धीरच झाला नाही."

"ती शिटी मला स्वच्छ ऐकू आली."

बाहेर बाकावर बसलेला खरा पेशंट गाल धरून आत डोकावत होता. ताई खुर्चीतून उतरल्या आणि जाता जाता त्याला म्हणाल्या, "जा बाबा. यांना दुसऱ्याचं तोंड उघडायला लावता येतं. स्वतःचं नाही."

त्याच संध्याकाळी ताईंनी क्लबच्या यादीतले सगळे फोन फिरवले. एकच प्रश्न: पहाटे एकशेसाठ ऐकता का? सुरुवातीला लोक मूग गिळून बसले, पण ताईंनी एकेकाला धारेवर धरलं तशी बोलती झाली. डॉक्टर धरून बारा जण निघाले. बारा! एकाची तार लहान होती. एकाला वाटत होतं, आपला मोर्सचा हात हळू, लोक कंटाळतील. एकजण म्हणाला, सूर्य शांत झाला की दोन-तीन वर्षांनी सुरू करू. लायब्ररीत काम करणारी एक बाई तर म्हणाली, "तुम्ही इतक्या ठणठणीत हाका मारता, मला वाटायचं तुम्हाला कोणीतरी लांबचं, मोठं माणूस हवंय. माझ्यासारखीने मध्ये कशाला यावं?"

या शेवटच्या वाक्यावर ताईंचा आवाज खाली आला. त्या म्हणाल्या, "बाई, मला कोणीही चाललं असतं." आणि त्यांचा आवाज पुन्हा चढला, "रविवारी या. नाही आलात तर लायब्ररीत येऊन मोठ्याने बोलेन."

यजमान शेजारच्या खोलीतून हे ऐकत होते. निवृत्तीनंतर त्यांनी काचेच्या हंडीत मासे पाळले होते आणि आता ते चिमटीने खाणं टाकत होते. "अगं, लोकांना इतकं टाकून बोलू नये."

"मग काय आरती ओवाळू? बारा जण दाराला कान लावून उभे आणि एकालाही कडी वाजवता येऊ नये? आणि वर सूर्याचे डाग मोजतात!"

रविवारी नऊ जण आले. लायब्ररीतली बाई अडखळत, एकेक अक्षर तपासून पाठवत होती, ताई मुद्दाम तिच्याच चालीने उत्तर देत होत्या. बाल्कनीच्या तारेतले डॉक्टर खरखरीच्या वर छान उठून आले. मोर्समध्ये चेष्टाही चालली. ताईंनी नऊ जणांची नोंद केली आणि पावणेसातला पेन खाली ठेवलं. दूरचं कोणी आलं नव्हतं, पण त्याचं आज काही वाटत नव्हतं. एक गोष्ट तेवढी खटकली होती. मध्ये बारा-तेरा मिनिटं डॉक्टर कुणाशी तरी बोलत होते आणि समोरचं माणूस ताईंना अजिबात ऐकू येत नव्हतं. डॉक्टर बोलायचे, थांबायचे, मग "वा" पाठवायचे. एकटेच वा वा करतायत, असं म्हणून ताईंनी सोडून दिलं.

साडेसातला दारावर थाप पडली. डॉक्टर. पायजम्यावर, हातात कागद, आणि दातांचा डॉक्टर असून तोंडही न धुता.

"ताई, तुम्ही ऐकलंत ना?"

"काय?"

"दोन समुद्रांपलीकडचा माणूस! एका बेटावर बोटी दुरुस्त करतो. बारीक होता, पण स्वच्छ. मला उत्तर दिलं त्याने. मला! माझ्या बाल्कनीला!" बोलता बोलता डॉक्टर अडखळले. हातातला कागद त्यांनी पुढे केला नाही, उलट थोडा मागेच घेतला. "त्याने तुमच्याबद्दल विचारलं."

"माझ्याबद्दल?"

"म्हणाला, तुमच्याकडचं ते एक स्टेशन रोज पहाटे हाक मारतं, ते कोण? मी दोन हिवाळे त्यांना उत्तर देतोय. त्यांना मी ऐकू येत नाही, की माझ्याशी बोलायचं नाही?"

ताई खाली बसल्या. दोन हिवाळे. आपण विचारायचो, कोणी आहे का, आणि तिकडे कोणीतरी आहे म्हणत होतं, आणि आपण पुन्हा विचारत होतो, कोणी आहे का. सभेत आपण काय काय बोललो, दवाखान्यात काय बोललो, ते सगळं एकेक करून आठवलं आणि कानशिलं तापली.

"बहिरी मीच," त्या म्हणाल्या.

"तसं नाही ताई, सूर्य..."

"सूर्याचं नाव काढू नका! तोच सूर्य तुमच्या बाल्कनीवर आहे. तुम्हाला ऐकू येतं आणि मला येत नाही, ते का?" मग त्या स्वतःच उठल्या. "तुम्ही ऐकता कशावर?"

डॉक्टरांनी त्या रविवारी पहिल्यांदाच ऐकायला वेगळी गोष्ट लावली होती. हातभर लाकडी चौकट, तिच्यावर तारेचे दहा-बारा वेढे. एका बाजूचा आवाज नको असेल तर चौकट फिरवायची, तो आवाज बुजतो. ताईंनी आजवर तिची चाळणी म्हणून टिंगल केली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टर ती चाळणी आणि एक लहान रेडिओ बगलेत मारून आले. ताईंच्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी ती फिरवली. करपल्यासारखी खरखर एका दिशेला भरून यायची, काटकोनात वळवलं की विरायची.

"ही बँडची खरखर नाहीच," डॉक्टर म्हणाले. "हे काहीतरी जवळचं आहे."

"चष्मेवाल्याची पाटी!" ताई कडाडल्या. खालच्या चष्मेवाल्याच्या दिव्यांच्या पाटीवर त्यांचा जुना संशय होता. गेल्या वर्षी भर दुपारी रेडिओ घेऊन त्या गल्लीभर फिरल्या होत्या, त्याला पाटी बंद करायला लावून भांडल्या होत्या, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. दुपारी गल्लीत काही सापडलं नव्हतं, तरी राग तसाच राहिला होता.

पण चाळणी गल्लीकडे धरली की खरखर वाढेना. ती वाढत होती आतल्या खोलीकडे. डॉक्टर एकेक पाऊल टाकत पुढे, ताई मागे. दार ओलांडलं तशी खरखर इतकी वाढली की डॉक्टरांनी आवाज कमी केला. समोर माशांची हंडी. तिच्यावर छान निळसर दिवा, दिव्याखाली पाच मासे, आणि मागे भिंतीवर मुठीएवढा काळा अडॅप्टर.

यजमान पलंगावर उठून बसले होते. "काय झालं?"

"हा दिवा किती वाजता लागतो?"

"पाचला. आपोआप. टायमर लावलाय ना मी. साडेआठला बंद, मग संध्याकाळी पुन्हा. माशांना उजाडल्याचं आणि मावळल्याचं कळावं लागतं." ते उत्साहाने सांगत होते, आणि सांगता सांगता बायकोचा चेहरा पाहून आवाज बारीक झाला. "दोन वर्षं झाली की. तूच म्हणालीस, छान दिसतोय."

ताईंनी अडॅप्टर उपटला. आणि रेडिओ असा शांत झाला, जसं शेजारच्या घरात चाललेलं भांडण एकदम थांबावं.

त्यानंतर बराच वेळ ताई बोलल्या. यजमानांना बोलल्या, अडॅप्टर बनवणाऱ्याला बोलल्या, "आपोआप" या शब्दाला बोलल्या. उजाडताना लागतो, मावळताना लागतो, आणि मी दुपारी शोधायला बाहेर पडते तेव्हा साहेब झोपलेले! मोटारीचा फुटका वेढा कानाने सांगणारी बाई आणि शेजारच्या खोलीतला अडॅप्टर कळू नये! यजमान माशांकडे बघत होते. मासे मात्र अंधारात निवांत फिरत होते, त्यांचं काहीच अडलं नव्हतं.

दुकान उघडल्यावर ताई आधी चष्मेवाल्याकडे गेल्या. "तुमच्या पाटीचा दोष नव्हता," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरातलं निघालं."

चष्मेवाला चष्म्यावरून बघत राहिला. "वर्षभर मी तुम्हाला पाहून रस्ता बदलतोय."

"माहितीये. मीही तेच करत होते. एकदा तर समोरासमोर आलो आणि दोघंही वळलो."

तोही हसला नाही, ताईही नाहीत, पण त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि ताई पाच मिनिटं टेकल्या.

आता खरखर नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बेटावरचा माणूसही नव्हता. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्याही नाही. डॉक्टरांनी फोन करून भीत भीत सांगितलं की सूर्यावर मोठा उद्रेक झालाय, आठवडाभर तरी काही आशा नाही. ताईंनी ऐकून घेतलं. "सूर्याचंही खरं आहे म्हणायचं," त्या कुरकुरत म्हणाल्या. त्या स्वच्छ, रिकाम्या शांततेत बसणं खरखरीपेक्षा कठीण होतं. निदान पूर्वी कुणावर तरी चिडता येत होतं. बाकीचे मात्र येत राहिले. कधी लायब्ररीतली बाई, कधी तो हळू हाताचा माणूस. त्याचा हात आता इतका हळू राहिला नव्हता. मुदत संपायच्या आत समितीने ठराव मागे घेतला, डॉक्टरांनीच तो मागे घेण्याची सूचना मांडली, आणि ताईंनी तिला अनुमोदन देताना अर्धा तास घेतला.

अकराव्या पहाटे पूर्वेला नुसतं फिकटलं होतं. ताईंनी हाक मारली, कान दिला. आणि अगदी तळातून, धाग्यासारखी बारीक, त्यांच्याच स्टेशनची खूण कोणीतरी पाठवत होतं. एकदा. पुन्हा एकदा. सवयीने पाठवावी तशी, उत्तराची फारशी अपेक्षा नसलेली.

ताईंनी किल्ली दाबली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःची खूण चुकीची पाठवली, पुन्हा पाठवली. म्हणाल्या, ऐकू येताय. आता ऐकू येताय.

बेटावरच्या माणसाने विचारलं, खरंच?

खरंच, ताईंनी पाठवलं. दोष माझ्या घरात होता. आणि मग माफी मागायची सोडून त्यांच्यातली मूळची बाई वर आली: पण दोन हिवाळे गप्प का बसलात? कुणाला तरी सांगायचं, पत्र टाकायचं!

गप्प कुठे होतो, रोज उत्तर देत होतो, तो म्हणाला. मग म्हणाला, इथे बेटावर पहाटे दुसरं कोणी नसतं. तुमची हाक आली की मी चुलीवर पाणी ठेवायचो. उत्तर ऐकू जात नाही हे कळलं होतं, तरी देत होतो. न देणं बरं वाटत नव्हतं.

ताईंनी हे लिहून घेतलं. अक्षर पुसट झालं म्हणून डोळे पुसले आणि त्याला त्याच्या बोटींबद्दल विचारलं. तो एका जुन्या इंजिनाबद्दल सांगायला लागला, ते सुरू करायची मोटार जळलीय, तिचे वेढे कोणी घालून देत नाही. ताई खुर्चीत पुढे सरकल्या. तार कुठल्या जाडीची, किती खाचा आहेत, असं पटापट विचारलं. त्याने उत्तर सुरू केलं, खाचा चोवीस, तार... आणि खिडकीतून ऊन टेबलावर आलं, आणि तो धागा पातळ होत होत दिसेनासा झाला.

"अहो!" ताई हेडफोन काढून ओरडल्या. यजमान धावत आले.

"पुन्हा दिवा लागला का? मी तर अडॅप्टर फेकून दिलाय!"

"हा दिवा नाही हो, तो दिवा!" ताईंनी खिडकीबाहेर हात केला. सूर्य समोरच्या गच्चीवर येऊन बसला होता. "मेल्याला आत्ताच उगवायचं होतं. जाडी सांगत होता माणूस!"

यजमानांनी सूर्याकडे बघितलं, मग वहीकडे. "उद्या सांगेल की."

"उद्या तो येईल कशावरून? उद्रेक झाला तर?" ताई वही पुढे ओढत म्हणाल्या. चोवीस खाचा. जाडी माहीत नाही, पण बोटीच्या इंजिनाची सुरू करायची मोटार म्हणजे साधारण कसली, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोन-तीन जाड्या लिहिल्या, प्रत्येकीपुढे वेढ्यांचा आकडा घातला, आणि दुकानाची किल्ली घेऊन कुरकुरतच जिना उतरल्या.